चार उभ्या खाचा

१

बिजागरीला चार स्क्रू होते आणि चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या होत्या. ओळंबा लावून बसवल्यासारख्या उभ्या. ताईनं पर्समधली सहा इंची पोलादी पट्टी त्यांच्यावर धरून पाहिली. चारही खाचांत मिळून एका अंशाचाही फरक नव्हता. बिजागरी जुनी होती, काळपट, कडेला कधीकाळच्या हिरव्या रंगाचा पापुद्रा धरून राहिलेली.

आणि तेच चुकीचं होतं. सकाळी नऊ वाजता याच जागी नवी, चकचकीत स्टीलची बिजागरी बसवलेली तिनं स्वतः पाहिली होती. दार तीनदा उघडून मिटून तिनं यादीत खूणही केली होती: "कलम सात. बाथरूमचं दार. आवाज बंद."

आता संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. तिनं दार ढकललं. दार पूर्वीसारखंच लांबलचक करकरलं.

ताई एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला होती. दिवसभर वजनं करायची, नोंदी ठेवायच्या, आणि दोन नोंदी जुळल्या नाहीत तर जुळेपर्यंत घरी जायचं नाही, असा तिचा स्वभाव. आईबाबांचं घर विकायचं ठरत होतं म्हणून ती आठ दिवसांची रजा काढून आली होती. तिच्या धाकट्या भावानं बारा कलमांची यादी छापून पाठवली होती. वर ठळक अक्षरांत मथळा: "कमी खर्चात घर विकण्याजोगं कसं करावं." खाली रंग, नळ, दिवे, पडदे, पायऱ्या, बिजागऱ्या. "पहिली छाप महत्त्वाची, ताई," तो फोनवर म्हणाला होता. "माणूस घर दारातच विकत घेतो. पुढे तो फक्त खोल्या मोजतो."

ती यादी हातात घेऊन ताई घरभर फिरली. पुढच्या दाराच्या तीन पायऱ्यांपैकी सगळ्यात वरच्या पायरीची फरशी सैल होती, ती सोमवारी सिमेंटनं पक्की केली होती. ताईनं पाय ठेवला. खटक. हॉलमधलं टकटक करणारं घड्याळ काढून तिथं बिनआवाजाचं लावलं होतं. ते कपाटावर पालथं पडलं होतं आणि भिंतीवर जुनं घड्याळ टकटकत होतं. पॅसेजच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर एक जुनाट लाकडी पट्टी होती. रंगासाठी ती काढून भोकं बुजवली होती. पट्टी पुन्हा जागेवर होती, नव्या रंगावर.

बारातली चार कामं कोणीतरी उलटवली होती. मोडली नव्हती, काही चोरलं नव्हतं. नीट, हळुवारपणे, होतं तसं करून ठेवलं होतं.

रविवारी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घर पाहायला येणार होतं. आज बुधवार. आणि या घरात कोणीतरी नव्या घराचं पुन्हा जुनं घर करत होतं.

२

"आईच असणार," भाऊ फोनवर म्हणाला. "तिला घर सोडवत नाहीये. नाहीतर तो मिस्त्री. काम लांबवतोय. आधी त्याला हाकल."

"पुरावा?"

"ताई, ही काय तुझी प्रयोगशाळा आहे? मी तिकडे नवव्या मजल्यावर खोली रिकामी करून बसलोय, लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, आणि बाबा अजून हो म्हणत नाहीत. नाही पण म्हणत नाहीत. दलाल मला रोज विचारतो. मी काय सांगू, आमचे तीर्थरूप मौनात आहेत?"

ते खरं होतं. वर्षभर विषय निघत होता आणि वर्षभर बाबा "गिऱ्हाईक तर येऊ दे" एवढंच म्हणत होते. घर त्यांच्या नावावर होतं. त्यांच्या शब्दाशिवाय काही हलणार नव्हतं.

ताईनं फोन ठेवला. स्वयंपाकघरात बाबा टेबलाशी बसले होते आणि आई बोलत होती. आई हल्ली फार बोलते, हे ताईच्या आल्या दिवशीच लक्षात आलं होतं. पूर्वी दिवसाला मोजून शंभर शब्द बोलणारी बाई. आता सारखं सुरू: "चहा ठेवलाय हं, कपाचा कान उजवीकडे आहे. ताई आली बघा, हातात कागद घेऊन. चेहरा कसा केलाय, परीक्षेत नापास झाल्यासारखा."

"ही आणि नापास?" बाबा म्हणाले. "हिचा एका मार्कानं दुसरा नंबर आला तेव्हा हिनं पेपर पुन्हा तपासायला लावला होता. मास्तर आजारी पडला."

बाबांची जीभ पहिल्यापासून तिखट. आयुष्यभर भूमापन कचेरीत नकाशे काढले. केसाएवढी रेघ चुकली तर रात्रभर झोप नाही. निवृत्तीनंतर सगळी धार जिभेवर आली, असं आई म्हणायची.

"बाबा, बाथरूमची बिजागरी कोणी बदलली?"

"मी बदलली असती तर दार माझ्या अंगावर पडलं असतं. खिळा ठोकताना मी फक्त अंगठा ठोकतो, हे जगजाहीर आहे."

"आणि पॅसेजमधली पट्टी?"

"पॅसेज मस्त झालाय," बाबा चहाचा घोट घेऊन म्हणाले. "पांढराशुभ्र. दवाखान्यासारखा. आता फक्त नर्स ठेवा."

ताईला हसू आलं. यादीत पांढराच रंग होता. पण भावानं फोनवर मागणी नोंदवताना भलत्याच चौकोनावर बोट ठेवलं आणि डबे आले ते लिंबासारख्या पिवळ्याचे. परत करण्यात दोन दिवस गेले असते, म्हणून तोच लावला. भावाच्या धांदरटपणावर बाबांनी मारलेला टोमणा तिला आवडला.

"तुझ्या बाहीचं बटण लोंबतंय," आई म्हणाली. "इकडे ये."

आईनं पेटीतून सुई काढली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका खेपेत ओवलं. चाळीस वर्षं आईनं रफूकाम केलं होतं. जळलेला, कुरतडलेला, फाटलेला कपडा तिच्याकडे यायचा आणि जाताना त्याला स्वतःलाच आठवत नसे कुठं फाटला होता. दोन वर्षांपूर्वी तिनं काम अचानक बंद केलं. विचारलं तर म्हणाली, डोळे दुखतात.

"आई, ही कामं तू उलटवलीस का?"

सुई थांबली. अर्धा क्षणच. मग आईनं दोरा दातानं तोडला.

"शेजारी किल्ली असते आपली," ती म्हणाली. "त्यांना विचार."

आईनं उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्या कुणाचं तरी दार दाखवलं होतं.

३

शेजारच्या मास्तरीणबाईंना हे घर आपल्या मुलासाठी हवं होतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. घर जितकं कळकट दिसेल तितकं बाहेरचं गिऱ्हाईक पळेल. म्हणजे हेतू होता. किल्ली होती. सोमवारी आणि बुधवारी दुपारी ताई बाहेर होती. म्हणजे संधीही होती.

"अगं, मला घर हवंय हे खरं," मास्तरीणबाई म्हणाल्या, "पण म्हणून मी तुमच्या बाथरूमचं दार करकरवायला येईन होय? माझे गुडघे करकरतात तेवढे पुरेत. आणि लाकडी पट्ट्या ठोकायला या वयात हातोडी धरू कशानं? बस. माझ्यावर संशय घ्यायला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी आलंय, जरा बरं वाटू दे."

ताई बसली. बाईंचे हात संधिवातानं वाकडे झाले होते. पेला धरायलाही दोन्ही हात लागत होते. त्या हातांनी त्या खाचा उभ्या राहणं शक्य नव्हतं. यादीतलं एक नाव गेलं.

"आईला घर सोडायचं नाहीये का?" ताईनं विचारलं. "तुमच्याशी काही बोलते?"

"तुझी आई? ती कुठे येते बोलायला! पूर्वी रोज संध्याकाळी कट्ट्यावर असायची. आता दहा मिनिटं आली तरी कान घराकडे. दूधवाल्याशी बोलतानाही एक पाय उंबऱ्यात." बाई जरा थांबल्या. "मी म्हटलं नाही कधी कुणाला. तुझी मावशी गेली ना, त्या आठवड्यातली गोष्ट. तुझ्या आईनं बॅग भरली होती. गाडी दारात आली. चालकानं बॅग डिकीत ठेवलीसुद्धा. आणि आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती आत गेली, पाच मिनिटांनी बाहेर आली, बॅग उतरवून घेतली आणि गाडी परत पाठवली. मी कुंपणापाशी होते. तिनं मला पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं."

ताईनं हातातला पेला टेबलावर अगदी हळू ठेवला.

मावशीच्या उशाशी ते चार दिवस ताई बसली होती. मावशी दर तासाला विचारायची, "आली का गं?" आणि ताई सांगायची, निघालीये, वाटेत आहे. चौथ्या दिवशी मावशीनं विचारणं बंद केलं. आईनं फोनवर कारण सांगितलं होतं: अंग मोडून आलंय. सख्ख्या बहिणीचा शेवट, आणि अंग मोडून आलंय! ताई त्यावर आईला एक शब्द बोलली नव्हती. दोन वर्षं बोलली नव्हती. फक्त तिचं येणं वर्षातून दोन दिवसांवर आलं होतं, आणि त्या दोन दिवसांतही ती नजर चुकवून कामापुरतं बोलायची.

बॅग भरली होती. गाडी दारात होती.

मग आत काय पडलं होतं?

४

गुरुवारी सकाळी मिस्त्री आला तेव्हा ताई बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून बसली होती. मिस्त्री या घराचा जुना माणूस. सुतारकाम, रंगकाम, नळकाम, सगळं एकहाती. आईला काकू म्हणायचा, बाबांना काका.

"स्वयंपाकघरातली कपाटं तुम्हीच लावली ना, मिस्त्री? पाच वर्षांपूर्वी?"

"मीच. का, ढिली झाली?"

"नाही. मी मघाशी मोजले. अठ्ठेचाळीस स्क्रू आहेत. सगळ्यांच्या खाचा उभ्या. खिडक्यांच्या कड्या, तिथंही उभ्या."

मिस्त्रीचा चेहरा खुलला. "वडलांची शिकवण, ताई. खाच आडवी ठेवली की धूळ धरते. आणि ते म्हणायचे, शेवटचा पाव फेरा ज्याला जमला त्याचं कामावर लक्ष होतं, बाकीच्यांचं जेवणाच्या सुट्टीवर. माझा हात आता तिरका थांबतच नाही."

"ते दिसतंय," ताई म्हणाली आणि स्टुलावरून उठून बाजूला झाली.

मिस्त्रीनं जुन्या बिजागरीकडे पाहिलं. चार उभ्या खाचांकडे पाहिलं. मग हातातली हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि मान खाली घातली. पन्नाशीचा माणूस, पण वर्गात पकडल्या गेलेल्या पोरासारखा.

"चोरून वाईट काम केलं असतं तर सापडला नसतात," ताई म्हणाली. "कोणी सांगितलं उलटवायला?"

"शब्द दिलाय."

"कोणाला?"

"ताई, मी कुणाचं नुकसान केलं नाही. केलेलं काम आपल्या हातानं काढताना मला काय वाटलं ते माझं मला ठाऊक. पण सांगणाऱ्या माणसानं हात जोडले हो. या घरात मला कधी कुणी हात जोडले नव्हते." त्यानं पिशवी उचलली. "तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हाला कळेल. मला विचारू नका."

"शनिवारी भाऊ येतोय. तो तुम्हालाच चोर ठरवणार आहे. गल्लीभर सांगेल."

"सांगू देत," मिस्त्री म्हणाला, आणि स्वयंपाकघरात जाऊन कलम नऊचा नळ बसवायला लागला.

उलटवणारे हात सापडले होते. पण ते नुसते हात होते.

५

त्या दुपारी ताईनं वहीचं पान मधोमध दुमडलं. डावीकडे उलटवलेली कामं, उजवीकडे तशीच राहू दिलेली. प्रयोगशाळेत नमुना कळेनासा झाला की ती हेच करायची.

डावीकडे चार: पायरीची खटकणारी फरशी, बाथरूमचं करकरतं दार, हॉलमधलं टकटकतं घड्याळ, पॅसेजमधली लाकडी पट्टी.

उजवीकडे सगळे रंग, पडदे, दिवे, आरसा, दारावरचा नवा नंबर, नळ.

विक्री मोडायची असती, तर माणसानं उजवीकडची बाजू आधी खराब केली असती. भिंतीवर एक ओघळ, आरशाला एक तडा, पडद्यावर एक डाग. गिऱ्हाईक डोळ्यांनी घर घेतं. पण डोळ्यांना दिसणाऱ्या एकाही गोष्टीला कोणी हात लावला नव्हता. परत आणलं होतं ते फक्त कानाला ऐकू येणारं आणि हाताला लागणारं.

खटक: आता उंबरा आला. टकटक: हॉल या बाजूला. कमरेपाशी पट्टी: धरून सरळ चल. करकर: बाथरूमचं दार उघडं आहे, आपटू नको.

ताईनं पेन खाली ठेवलं.

या घरात कोणाला तरी दिसत नव्हतं.

आई, तिच्या मनात पहिल्यांदा आलं. दोन वर्षांपूर्वी रफू बंद. डोळे दुखतात. सगळं जुळत होतं, आणि जुळतंय म्हणून ती जवळजवळ उठलीच होती. पण बाहीवरच्या बटणाकडे तिचं लक्ष गेलं. काळा दोरा, बारीक सुई, एक खेप. आईला दिसत होतं. चांगलं दिसत होतं. आई काम सोडून दोन वर्षं दुसऱ्या कुणासाठी तरी पाहत होती. चहा ठेवलाय, कान उजवीकडे आहे. ताई आली बघा, हातात कागद घेऊन.

पांढराशुभ्र पॅसेज.

तो टोमणा नव्हता. बाबांना पांढरा रंग लागणार असं सांगितलं होतं, आणि पिवळा लागल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

अनुमान झालं होतं. पडताळणी उरली होती, आणि पडताळल्याशिवाय गप्प बसणं तिला आयुष्यात जमलं नव्हतं. त्या वेळी तरी जमायला हवं होतं, असं पुढे तिला कैकदा वाटलं. तिनं वहीतून एक कोरा कागद फाडला आणि ती हॉलमध्ये गेली. बाबा खिडकीपाशी बसले होते, तोंड उजेडाकडे.

"बाबा, ही भावाची यादी. सहावं कलम काय आहे, मला नीट लागत नाहीये. वाचता का?"

बाबांनी हात पुढे केला. कागद घेतला, मांडीवर धरला, मान खाली करून पाहिल्यासारखं केलं. किती छान करत होते ते! कपाळाला आठी, ओठ जरा पुढे.

"तुझ्या भावाचं अक्षर," ते म्हणाले, "म्हणजे कोंबडीचे पाय. कपाळावरचं वाचेन एक वेळ, हे नाही. त्यालाच विचार."

कोरा कागद त्यांनी नीट दुमडून तिच्या दिशेनं धरला. तिच्या हाताच्या वीतभर डावीकडे.

ताईनं तो घेतला. "बरं," एवढंच म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि समोर तिचे वडील तिच्याकडे तोंड करून मिश्कील हसत होते.

६

शनिवारी अकराला भाऊ आला तो तणतणतच. वरच्या पायरीवर फरशी खटकली आणि त्यानं तिथूनच आवाज दिला, "कुठाय तो मिस्त्री?"

मिस्त्री हॉलमध्येच होता, हातात ब्रश. आई स्वयंपाकघराच्या दारात आली. बाबा खुर्चीत होते.

"उद्या गिऱ्हाईक येतंय आणि हे काय चालवलंय? तुम्हीच केलं ना? आत्ताच्या आत्ता सामान उचला, आणि पुन्हा या गल्लीत कोणी तुम्हाला काम दिलं तर मला सांगा!"

मिस्त्रीनं ब्रश डब्यात ठेवला आणि पिशवी आवरायला लागला.

दोन दिवस ताईनं कोणाला काही सांगितलं नव्हतं. जे तिला कळलं होतं ते तिचं नव्हतं, ते सांगायचा अधिकार तिला नव्हता, असं तिनं ठरवलं होतं. पण मिस्त्रीचे हात पिशवीचा बंद बांधायला लागले होते. तेच हात, ज्यांना तिरकी खाच जमत नव्हती.

"थांबा, मिस्त्री," ती म्हणाली. "काम यांनी केलं हे खरं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलं. आणि सांगणाऱ्याला विक्री मोडायची नव्हती."

"मग काय करायचं होतं?" भाऊ म्हणाला.

ताई बोलत गेली, हळूहळू, आकडे सांगावेत तशी. काय उलटवलं, काय नाही. आवाज करणारं सगळं परत आलं, हाताला लागणारं परत आलं. रंगाला, पडद्यांना, दिव्यांना कोणी शिवलं नाही. इतकं सांगून ती अडली.

"मी सांगितलं," आई दारातून म्हणाली. "मी हात जोडले मिस्त्रींना. फरशी पक्की केली त्या दुपारी हे उंबऱ्याला अडखळून पडले. नडगी सोलवटून निघाली. पट्टी काढली, तर पॅसेजमध्ये मधोमध उभे राहिले, पाच मिनिटं. मला हाक मारायची लाज वाटत होती म्हणून. घर विका, मी कधी नाही म्हटलं? पण विकेपर्यंत माणूस पडायला नको ना!"

"अडखळून म्हणजे?" भाऊ आईकडे, ताईकडे, बाबांकडे पाहत राहिला. "बाबा?"

घड्याळ टकटकत होतं. बाबांनी खुर्चीच्या हातावर बोटं आवळली.

"काचबिंदू," ते म्हणाले. "डॉक्टरांकडे गेलो तेव्हा उशीर झाला होता. डावा पूर्ण गेला. उजव्यात माणूस उभा आहे एवढं कळतं. कोण, ते आवाजावरून." ते जरा हसले. "तुझा आवाज तर कोपऱ्यावरून कळला."

"दोन वर्षं? आणि आम्हाला कोणी..."

"मीच हिला शपथ घातली होती. सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी मला उचलून नवव्या मजल्यावर नेलं असतंस. चांगल्या मनानंच नेलं असतंस. पण मी या घराचा नकाशा स्वतः काढलाय रे. उंबऱ्यापासून खुर्ची सात पावलं, खुर्चीपासून पॅसेज चार. इथं मी चालतो, पाणी घेतो, आंघोळ करतो. इथं मी आंधळा नाही. तिथं ज्या क्षणी लिफ्टमधून बाहेर पडेन, त्या क्षणी होईन." त्यांनी आईच्या आवाजाकडे तोंड वळवलं. "या आठवड्यात पायाखाली फरशी परत वाजली ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, हिलाही इथंच राहायचंय."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

ताईनं आईकडे पाहिलं. किती वाळली होती ती! मनगटं काड्यांसारखी, डोळ्यांखाली काळं. गेल्या दोन वर्षांत झालेली प्रत्येक भेट ताईनं मावशीच्या हिशेबात धरली होती आणि आईकडे एकदाही धड पाहिलं नव्हतं. पट्टी लावून खाचा मोजणारी बाई.

"आई," ती म्हणाली, "मावशीकडे यायला तू बॅग भरली होतीस."

आईनं चमकून मान वर केली. "कोणी सांगितलं तुला?"

"कसली बॅग?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. सोड, ताई."

"गाडी दारात होती," ताईचा आवाज फाटला. "मी तिथं मावशीला खोटं सांगत होते, वाटेत आहे, वाटेत आहे. ते खोटं नव्हतंच. आत काय पडलं, आई?"

"दूध," आई म्हणाली. "उकळतं पातेलं. ह्यांच्या पायावर. तेव्हा नुकतंच दिसेनासं झालं होतं, अंदाज नव्हता. मी गेले असते तर..." ती थांबली. "मग वाटलं, उद्या जाऊ. परवा जाऊ. तू होतीसच तिच्याजवळ."

"तू मला म्हणालीस, तिनं येऊ नको सांगितलंय," बाबा सावकाश म्हणाले. "म्हणालीस, गर्दी नको म्हणतेय."

"मग काय सांगायचं होतं?"

"तिनं बोलावलं होतं तुला?"

आई उत्तर देईना. ताईला वाटलं, आपण द्यावं. पण मावशीचा तो दर तासाचा प्रश्न तिनं स्वतःपाशीच ठेवला. भाऊ खाली मान घालून उभा होता. मिस्त्रीनं दाराबाहेर जाऊन पाठ फिरवली होती.

बाबा उठले. चार पावलं चालून ते स्वयंपाकघराच्या दारापाशी आले आणि हात पुढे करून त्यांनी आईचा चेहरा शोधला. कपाळ, गाल, हनुवटी. नकाशावरून बोट फिरवावं तसं ते बोट फिरत गेलं आणि ओलं झालं.

"हाडं लागतायत गं," ते म्हणाले. "केव्हापासून?"

"असू दे."

"इथं राहायचंय तुला?"

आईनं त्यांचा हात गालावरून काढून आपल्या हातात धरला. आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच, नवऱ्याचं मन न राखता, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मी थकले हो."

बाबांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा, जणू पावलं मोजत होते. आईचा हात त्यांनी सोडला नाही. मग जिथं भाऊ उभा असेल असं वाटलं तिकडे त्यांनी तोंड केलं. अंदाज थोडा चुकला, ते रिकाम्या खुर्चीशी बोलले. भाऊ चटकन सरकून त्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला.

"दलालाला आत्ता फोन लाव," बाबा म्हणाले. "सांग त्याला, मी हो म्हटलंय. घर विकायचं."